गादीखालचं वाळवंट

खोलीत वाळवी लागल्याचं थोरल्यांनी जाहीर केलं ते सकाळच्या चहाला. बिस्कीट बुडवता बुडवताच केलं, म्हणजे बातमी फार मोठी नाही असं वाटावं.

"तुमच्या त्या खोलीत वाळवी झालीय," त्या आपल्या यजमानांना म्हणाल्या. "पुस्तकं वर न्यावी लागतील."

यजमानांनी पेपर खाली केला. चष्म्यावरून बघितलं.

"कुठल्या भिंतीला?"

"सगळ्याच."

"बरं," म्हणाले आणि पेपर परत वर गेला.

थोरल्यांचं बिस्कीट तेवढ्यात कपात पडलं. कुठं दिसली, कशी दिसली, खरंच वाळवी की नुसती माती, या सगळ्याची उत्तरं त्यांनी आदल्या दिवशी भांडी घासता घासता तयार करून ठेवली होती. एकही उपयोगात आलं नाही. भांडायला कंबर कसून जावं आणि समोरच्यानं दार उघडून "या, बसा" म्हणावं, तसं झालं. त्यांनी चमच्यानं बिस्कीट उपसलं आणि जिंकल्यासारखा चेहरा करून खाल्लं.

घरात वाळवी नव्हती. वाळवी सोडा, थोरल्यांच्या घरात साधी मुंगीही भिंतीच्या कडेकडेनं, वर न बघता जायची. दुखत होता तो त्यांचा उजवा गुडघा.

झोपायची खोली वर, आणि स्वयंपाकघर, मोरी, कोठी, म्हणजे थोरल्यांचं सगळं राज्य, खाली. मधे जिना. हा जिना मधेच काटकोनात वळायचा, आणि त्या वळणावर आलं की गुडघ्यात कोणीतरी सुरी फिरवल्यासारखं व्हायचं. तिथं थांबावंच लागायचं. पण थांबलेली बाई दिसली की लोक विचारतात का थांबलात, म्हणून थोरल्यांनी हातात फडकं ठेवायला सुरुवात केली. सुनेची चाहूल लागली की त्या कठडा पुसायला लागायच्या. सकाळी उतरताना पुसायच्या, दुपारी चढताना पुसायच्या. गेल्या कित्येक महिन्यांत त्या कठड्याला अशी चकाकी आली होती, की त्यात बघून भांग पाडावा.

"कठडा हल्ली छान चमकतो," यजमान एकदा म्हणाले होते.

"तुमच्यासारखं धुळीत लोळायची सवय नाही मला," थोरल्या म्हणाल्या, आणि विषय मिटला.

सरळ गुडघा दुखतो म्हणून सांगायला काय झालं होतं? तर थोरल्यांची धाकटी जाऊ. तिनं एकदा, एकदाच, कंबर दुखते म्हटलं होतं. तिच्या सुनेनं लगेच खिडकीपाशी खुर्ची टाकली, पाठीला उशी दिली आणि "तुम्ही बसा हो, आई" म्हणाली. तेव्हापासून जाऊ बसलीय. भाजी कोणती करायची तेसुद्धा तिला कोणी विचारत नाही. कोठीच्या किल्ल्या कधी गेल्या तेही तिला कळलं नाही. आणि थोरल्यांची सून तर त्याहून गुणी. भांडणारी असती तर निभावलं असतं. पण ही इतकी प्रेमळ होती, की खुर्चीबरोबर पायाखाली पाटही आणून ठेवला असता. मुलगा कामापायी निम्मा महिना बाहेरगावी, तेव्हा त्याचाही आडोसा नव्हता. असल्या प्रेमापुढं माणूस काय करणार? थोरल्या आजवर कोणापुढं काही मागायला गेल्या नव्हत्या. हुकूम सोडायच्या, मागायच्या नाहीत. तेव्हा खालची मोठी खोली मिळवायची, पण गुडघ्याचं नाव न घेता, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि खालची मोठी खोली लढाईनं भरली होती.

यजमान पाणीखात्यात नकाशे काढणारे. जमिनीखालून कुठला नळ कुठं वळतो ते काढण्यात सगळी नोकरी गेली. बोटभर रेघ सरकली तर भलत्याच गल्लीला पाणी जायचं, म्हणून माणूस रेघेला फार पक्का. पण नळात काही शौर्य नसतं. ती भूक त्यांनी घरी भागवली. आधी एक पुस्तक आणलं रणगाड्यांचं, मग त्याला सोबत म्हणून तोफांचं, मग ती कुठं चालवली ते कळावं म्हणून नकाशा. बघता बघता खोली गेली.

त्या खोलीचेही नियम होते. उजवी भिंत एका सैन्याची, डावी दुसऱ्याची. ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या त्यांची पुस्तकं एका फळीवर ठेवायची नाहीत. जे देश लढाईत पडलेच नाहीत ते दारामागं, झाडूच्या शेजारी. एक जाडजूड पुस्तक नुसतं गणवेशाच्या बटणांचं होतं. थोरल्यांनी एकदा ते उघडलं, तर पानापानावर बटणंच बटणं. आणि ते वाचणाऱ्याच्या स्वतःच्या सदऱ्याचं दुसरं बटण महिनाभर तुटलेलं, त्याचा मात्र पत्ता नाही. कादंबऱ्या सगळ्यात खाली, पडदा लावलेल्या कप्प्यात. लढाईवरची कादंबरी वाचणं म्हणजे असल्या लढाईवेड्या मंडळींत डब्यातली साखर चोरून खाण्यासारखं होतं. प्रत्येक जण खायचा, आणि तोंड पुसून बाहेर यायचा.

सगळ्यात मोठं धूड म्हणजे नकाशांचं कपाट. बुटकं, रुंद, पातळ पातळ खणांचं. कचेरीनं मोडीत काढलं तेव्हा यजमान ते हातगाडीवर घालून घरी घेऊन आले, आणि बरोबर चालताना चेहरा असा की जणू नवी नवरीच आणतायत. नकाशाला घडी घालायची नाही, तो सपाटच झोपला पाहिजे, हा त्यांचा धर्म. कपाट भरलं तसे नकाशे गाद्यांखाली गेले. थोरल्या कितीतरी वर्षं एका वाळवंटावर झोपत होत्या. भरदुपारी डोळा लागला की यजमान येऊन हळूच म्हणायचे, "अगं, जरा उठतेस का? पाण्याची एक विहीर बघायचीय." उठावं लागायचं. गादीच्या दुसऱ्या बाजूला एक नकाशा होता, तो चुकीचा छापलेला. त्यात नदी डोंगर चढत होती. असले चुकलेले नकाशे सापडत नाहीत म्हणून यजमानांचा त्याच्यावर सगळ्यात जास्त जीव.

"बरोबर नकाशा काय, कोणीही काढतं," ते म्हणायचे. थोरल्यांना यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि त्या ते बोलायच्याही.

तर वाळवीची बातमी रविवारी यजमानांच्या दोस्तांना कळली. दोस्त दोन. एक दातवाले डॉक्टर, एक चष्म्याचे दुकानदार. दर रविवारी तिघं मिळून कुठलीतरी जुनी लढाई परत लढायचे आणि चहा मागायचे. दातवाल्यांना आयुष्यभर तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसांशी बोलायची सवय, त्यामुळं समोरचा उत्तर देऊ शकतो हे त्यांना खरंच वाटत नसे. चष्मेवाले बारीक, सावकाश. तरुणपणी भरतीला गेले होते, तर डोळे कच्चे म्हणून परत पाठवलं. तिघांत लढाईच्या सगळ्यात जवळ गेलेले तेच, म्हणून त्यांना मान.

"वाळवी म्हणजे आतून फितुरी," दातवाले म्हणाले. "वहिनी, तुम्ही वेळेवर खबर दिलीत."

"खबर नाही दिली. पुस्तकं उचला म्हटलं."

"उचलूच. पण आधी योजना पाहिजे."

"कशाला? पुस्तक हातात घ्यायचं, जिना चढायचा. माझी सून रोज कपड्यांच्या बादल्या घेऊन चढते, तिनं कधी योजना केली नाही."

तिघं थोरल्यांकडं बघून कसनुसं हसले. पोरानं विमान कसं उडतं ते समजावून सांगितल्यावर मोठी माणसं हसतात तसे. मग यजमानांनी मोठा कागद अंथरला आणि पट्टी-पेन्सिल घेऊन घराचा नकाशा काढायला बसले. थोरल्यांनी दारातून बघितलं. रेघा सरळ, कोपरे टोकदार, दार उघडतं तिथं छोटा गोल काप. आपल्या घराचा असा नकाशा असू शकतो हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. आवडला, पण तसं तोंडावर दिसू द्यायचा प्रश्नच नव्हता.

मग भांडण लागलं. आधी कुठलं सैन्य न्यायचं?

"हरलेले आधी," दातवाले म्हणाले. "त्यांना माघारीची सवय असते."

"हरलेल्यांचीच पुस्तकं जास्त आहेत," चष्मेवाले म्हणाले. "जो हरतो तो जास्त लिहितो. का हरलो ते सांगायचं असतं ना."

"म्हणून तर आधी. जिना म्हणजे खिंड. खिंडीत लांबलचक सैन्य शेवटी अडकवायचं नसतं."

"आणि जिंकलेल्यांना वाळवीच्या तोंडी द्यायचं?"

"दोन्ही सैन्यं एकाच वेळी जिन्यावर नकोत, एवढं तरी मान्य आहे का?"

एवढं मान्य झालं. तोवर चहाच्या दोन फेऱ्या आणि उकडलेली अंडी संपली होती. नकाशावर कपाटाऐवजी साबणाची वडी आणि पुस्तकांऐवजी घरातली झाडून सगळी बटणं मांडली होती. थोरल्या फडकं घेऊन आल्या.

"उचला हे. टेबल पुसायचंय."

"वहिनी, ही सैन्यं आहेत."

"ही माझ्या डब्यातली बटणं आहेत. सैन्याला सांगा, पुसून झालं की परत या."

यजमान इतका वेळ गप्प होते. आता बोलले. "कपाट आधी जाईल."

दोघं त्यांच्याकडं बघायला लागले.

"जड ते आधी," यजमान म्हणाले. "ते गेलं की बाकीचं सुटं आहे. मी मोजलंय. वळणावर आरामात बसतं." आणि त्यांनी साबणाची वडी नकाशातल्या जिन्यावरून वळवून दाखवली. वडी सुळकन गेली.

पुढच्या रविवारी मोहीम निघाली. कपाट बाहेर काढायला वाट हवी म्हणून आधी उजव्या भिंतीचं सैन्य बाहेरच्या खोलीत आणायचं ठरलं. तासाभराचं काम. पण ही माणसं पुस्तक उचलतात आणि जड आहे का ते बघायच्या आधी उघडून बघतात. दातवाले बूड टेकून म्हणाले, "अरे, हे तुझ्याकडं होतं?" चष्मेवाले उभ्या उभ्या एका पाणबुडीत बुडाले. यजमान सोडून तिथं कोणी काम करत नव्हतं. शेवटी सुनेनं पदर खोचला आणि ढिगाच्या ढिगानं पुस्तकं बाहेर नेली. एकाच सैन्यातले, पण एकमेकांचं तोंड न बघणारे दोन सेनापती तिनं एकमेकांवर पालथे घातले ते कोणी बघितलंच नाही. दुपारी उजवी भिंत मोकळी झाली. पांढरीस्वच्छ.

चष्मेवाल्यांनी नाक भिंतीला लावलं. "वाळवी काही दिसत नाही."

थोरल्यांच्या हातातला चहाचा ट्रे थांबला.

"आतून असते," यजमान म्हणाले. "चला, कपाट धरा."

दातवाले ओढून घ्यायला वर गेले. जाताना काखेत कादंबऱ्यांची चळत मारली, "ओझं तेवढंच कमी" म्हणून. खालून यजमान आणि चष्मेवाले ढकलायला. कपाट कुरकुरत पायऱ्या चढलं, वळणापाशी आलं, वळलं आणि थांबलं. एक कोपरा भिंतीत रुतला, एक कठड्यात. पुढं जाईना. मागं ओढलं तर मागंही येईना.

"थोडं तिरकं," दातवाले वरून म्हणाले.

"तिरकंच आहे."

"मग सरळ."

"सरळ केलं तर भिंत पडेल."

चष्मेवाले खाली येऊन टेबलावरच्या नकाशावर पट्टी ठेवून बघायला लागले. एकदा बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं. "पण इथं तर बसतं," ते म्हणाले. "चांगली बोटभर जागा उरतेय."

"मग इथंच ठेवा," थोरल्या टेबलाकडं बोट करून म्हणाल्या.

कोणाला हसू आलं नाही. जिन्याची रुंदी दोस्तांपैकी कोणीच मोजली नव्हती. यजमानांनी काढलेला नकाशा हातात असताना खरा जिना मोजायचा म्हणजे दोघांनाही नकाशाचा अपमान वाटला असता. सुतार रविवारी येत नसे. आणि दातवाले वर होते.

वरून उतरायला दुसरी वाट नव्हती. कपाटावरून चढून येण्याइतकी फट छपराखाली होती, पण त्या फटीतून जाण्याइतके दातवाले नव्हते. त्यांनी एकदा डोकं घालून बघितलं आणि परत घेतलं.

"वेढा पडला," ते आतून म्हणाले. आवाजात काळजीपेक्षा आनंद जास्त होता. आयुष्यभर वाचलेलं आज अंगावर आलं होतं.

सुनेनं खिडकीतून दोरी वर फेकली. दोरीला टोपली, टोपलीत पाव, केळी आणि चहाची बाटली. "रसद आली," वरून ओरडा झाला. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पान उलटल्याचा आवाज. कादंबरी. संध्याकाळी त्यांची बायको आली, खिडकीखाली उभी राहून वर बघितलं.

"अहो, घरी येणार आहात का?"

"कपाट आडवं आलंय."

"बरं." ती थोरल्यांकडं वळली. "सावकाश काढा हो. उद्याचे पेशंट मी कळवते. आमच्याकडं कधी नव्हे ती शांतता आहे." आणि एक लाडू न मागता घेऊन निघूनही गेली.

थोरल्या जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. आता चढताच येणार नव्हतं. मनातून उकळ्या फुटत होत्या, त्या त्यांनी कपाळाला आठ्या घालून दाबल्या.

"झालं तुमचं? आता मी झोपू कुठं? की माझीही टोपली करून वर ओढणार?"

यजमान नखं बघत होते. "मोठ्या खोलीत निम्मी जागा झालीय. पाहुण्यांची खाट टाकू. आजच्यापुरती. मी बाहेर बाकावर पडतो."

"आजच्यापुरती," थोरल्यांनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तेव्हा त्या आधी सवयीनं जिन्याच्या तयारीला लागल्या. गुडघा चोळला, दात आवळले, उशाशी फडकं चाचपलं. मग आठवलं. पाय खाली टेकले, आणि समोर स्वयंपाकघराचं दार. चार पावलं सपाट फरशी. सुनेच्या आधी त्यांनी चूल पेटवली, आधण ठेवलं, कोठी उघडली. कितीतरी महिन्यांनी घरातला पहिला चहा त्यांच्या हातचा झाला. तो घेऊन त्या पांढऱ्या भिंतीसमोर खाटेवर बसल्या, आणि मग, पोट भरल्यावर सुचतं तसं, त्यांना सुचायला लागलं.

एकदा त्या बटणांच्या पुस्तकात कसर निघाली होती. रुपेरी, शेपटीवाली, भाताच्या शितापेक्षा लहान. यजमान चार दिवस जेवले नव्हते. सगळी खोली उन्हात काढली, एकेक पान ब्रशनं झाडलं, सापडलेली कसर बाटलीत घालून औषधाच्या दुकानात दाखवायला नेली. आणि वाळवी? सगळ्या भिंतींना वाळवी, आणि हा माणूस "बरं" म्हणून पेपर वाचतो. एक पुस्तक उलटून बघत नाही. भिंत पांढरीफेक दिसते, तर म्हणतो आतून असते.

थोरल्या उठल्या. बाहेर बाकावर यजमान पाठ करून झोपले होते, किंवा झोपल्यासारखे. टेबलावर घराचा नकाशा. त्यावरची अक्षरं बारीक होती आणि थोरल्यांची शाळा जेमतेम. मोठा शब्द आला की मधेच दम लागायचा. पण घर त्यांना वाचता येत होतं. ही चूल. ही कोठी. हे मोरीचं दार, त्याचा छोटा गोल काप. सगळं जिथल्या तिथं. आणि जिना? जिना जवळजवळ बाहेरच्या दाराएवढा रुंद. जिथं दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पोट आत घ्यावं लागतं, तिथं कागदावर वरात जाईल.

रेघ बोटभर हलली तर गल्लीचं पाणी जातं, म्हणून जन्मभर श्वास रोखून रेघा ओढणारा माणूस. तो स्वतःच्या घरचा जिना चुकेल?

 आधी राग आला. म्हणजे याला माहीत होतं. फडकं माहीत होतं, वळण माहीत होतं, वर झोपल्या झोपल्या सगळं ऐकत होता आणि बोलला नाही. मग वाटलं, बोलला असता तर आपण काय केलं असतं? दोन बोलून त्याला गप्प केला असता, आणि अजून चढत राहिलो असतो. हे त्यालाही ठाऊक. थोरल्यांनी नकाशाच्या कोपऱ्यावरचा चहाचा डाग पदरानं टिपला.

सुतार आला तेव्हा चष्मेवाले दुकान उघडायचं सोडून हजर होते. वरून फटीत दातवाल्यांचं अर्धं तोंड दिसत होतं. दाढी वाढलेली, नजर खूश. सुतारानं कपाटाला थाप मारली, भिंतीला मारली, मग कठड्यावरून हात फिरवला.

"दोन्ही राहणार नाहीत," तो म्हणाला. "एक तर कपाट कापायचं, नाही तर कठडा. बोला."

"कपाट," यजमान लगेच म्हणाले.

चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की जणू माणसानं आपलाच पाय तोडायला सांगितला. यजमान कपाटाकडं बघतच नव्हते. ते सुताराच्या करवतीकडं बघत होते. हातगाडीबरोबर चालत आलेला तो चेहरा थोरल्यांना आठवला.

"कठडा काप," त्या म्हणाल्या.

"आजी, असा चकचकीत कठडा? जीव होत नाही हो. किती निगा राखलीय कोणी."

"काप म्हटलं ना."

"आई, पण कठड्याशिवाय तुम्ही वर कशा जाणार?" सून म्हणाली.

झालं. सुतार थांबला, चष्मेवाले थांबले, वरचं अर्धं तोंडही थांबलं. यजमानांनी मान खाली घातली. आता हे तोंडून काढायचं म्हणजे तोच जिना चढण्यासारखं होतं, आणि या खेपेला हातात फडकंही नव्हतं.

"कोण जातंय वर?" थोरल्या म्हणाल्या. "गुडघा गेलाय माझा. मी इथंच झोपणार, खालीच. आणि एक लक्षात ठेवा सगळ्यांनी, गुडघा गेलाय, डोकं नाही. कोणी माझ्यासाठी खुर्ची आणली तर तीच डोक्यात घालीन."

 थोरल्या सुनेकडं बघत होत्या, ते "तुम्ही बसा हो, आई" कुठल्या क्षणी येतं त्याची वाट बघत. सुनेनं हात पदराला पुसले.

"मग तांदूळ काढून देता ना?" ती म्हणाली. "एवढी माणसं आहेत जेवायला. मला अंदाज येत नाही तुमच्यासारखा."

"तो तर दिसतोच रोज," थोरल्या म्हणाल्या. कमरेची किल्ली चाचपत कोठीकडं वळल्या, म्हणजे चेहरा भिंतीकडं झाला. "आणि वरच्या माणसाला विचार, किती खाणार. वेढ्यात भूक वाढते वाटतं."

करवत चालली. कठडा गेला, कपाट सुटलं आणि उलट्या पायांनी खाली आलं. मागोमाग दातवाले आले, काखेत तीच चळत, निम्मी वाचून झालेली. कादंबऱ्या त्यांनी जगापासून लपवल्याही नाहीत. वेढ्यातल्या माणसाला काहीही माफ असतं, म्हणाले. मग उजव्या भिंतीचं सैन्य पुन्हा आपल्या फळ्यांवर चढलं, फक्त आता दोन सैन्यांच्या मधोमध थोरल्यांची खाट होती.

"पण पुस्तकं वाळवीत परत ठेवायची?" चष्मेवाल्यांनी विचारलं. सावकाश माणूस, पण विसरत नसे.

"वाळवी गेली," थोरल्या म्हणाल्या.

"अशी कशी गेली?"

"मला विचारून गेली."

जेवणं झाल्यावर चष्मेवाले टेबलावरचा नकाशा गुंडाळायला लागले. "हा टाकून देऊ," यजमानांना म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस रे. वय होतं. हात चुकतो एखाद्या वेळी."

"हो," यजमान म्हणाले. "चुकतो."

"आणा इकडं," थोरल्या म्हणाल्या. त्यांनी चष्मेवाल्यांच्या हातातून कागद काढून घेतला. "घडी घालू नका त्याला."

त्यांनी आपल्या खाटेवरची गादी एका बाजूनं उचलली, नकाशा आत सरकवला, हातानं सपाट केला आणि गादी खाली सोडली. यजमान दारात उभे होते.

"काय बघताय?" थोरल्या म्हणाल्या. "वरचं ते वाळवंट घेऊन या, ते बसतं का बघू. आणि जरा जपून चढा. आता कठडा नाही."